दिवेलागणीनंतरचं गोडं

पापलेट जन्मभर समुद्रात राहतं. खाऱ्या पाण्यात पोहतं, खारं पाणीच पितं, खाऱ्या पाण्यातच झोपतं. तरी त्याचं कालवण करायचं तर वरून मीठ घालावंच लागतं. हे कसं काय?

स्वयंपाकघरात स्टुलावर पाय हलवत बसलेल्या केतकी घरतने हा प्रश्न मिठूला विचारला.

मिठू म्हणजे घरतांच्या घरातला यंत्रमानव. त्याला पाय नव्हते. छताला बसवलेल्या रुळावरून तो ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकायचा, पण स्वयंपाकघराचा उंबरा काही त्याला ओलांडता यायचा नाही. दोन लांब हात, पोपटी रंगाचं गोल पोट आणि तोंडाची टकळी अखंड चालू. म्हणून केतकीने त्याचं नाव मिठू ठेवलं होतं.

"फार छान प्रश्न आहे, केतकीताई," मिठू पापलेटाला हळद चोळत म्हणाला. "याचं उत्तर म्हणजे..."

तेवढ्यात बाहेर बोटीचा भोंगा वाजला, आणि उत्तर तसंच राहिलं.

डॉक्टर शमा तांडेल आल्या होत्या. मोतीखार गावात आता सगळे बोटीनेच यायचे. केतकीच्या आज्याच्या तरुणपणी जिथे मैलभर मिठागरं होती, पांढऱ्या राशी उन्हात लखलखायच्या, तिथे आता समुद्र आत आला होता. घरं खांबांवर उभी राहिली होती आणि खालून भरती-ओहोटी जात-येत होती. पण मीठ पिकवणारी माणसं हार थोडीच मानतात? गावाने मिळून खाडीच्या तोंडाशी तरंगतं मिठागर बांधलं होतं, समुद्र चढला की आपणही चढणारं. केतकीची आई तिथे इंजिनिअर होती आणि आठवडाभर तिकडेच असायची. घरी तिघंच. केतकी, आजा आणि मिठू.

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या उधाणाला त्या मिठागराची पहिली उघाडी (पाणी आत घ्यायचं नि बाहेर सोडायचं फळीचं दार) उघडायची होती. ती कोणी उघडायची, यावर गावात वाद झालाच नाही. राघो घरत, म्हणजे केतकीचा आजा. पाणी घ्यायचं जुनं गाणं सबंध त्याच्या एकट्याच्याच गळ्यात उरलं होतं.

फक्त एक अडचण होती. तीच अडचण तपासायला डॉक्टर आल्या होत्या.

"राघोबा, हात पुढे करा बघू." डॉक्टरांनी आज्याच्या दंडावर नाडीपट्टी गुंडाळली. ही पट्टी दंडाला बांधली, की आतल्या रक्ताचं चित्र समोरच्या भिंतीवर उमटायचं. भिंतीवर लाल नळ्या दिसू लागल्या. धप् झालं की फुगायच्या, धप् झालं की फुगायच्या. केतकी बघतच राहिली.

डॉक्टरांच्या कपाळाला मात्र आठी पडली. "दसऱ्याला आले तेव्हा होता, तेवढाच रक्तदाब आजही आहे. मीठ कमी केलंत ना?"

"त्या पोपटाला विचारा," आजा म्हणाला. "पेज म्हणू नका, कालवण म्हणू नका, सगळं भिजवलेल्या कागदासारखं. मीठ पिकवणाऱ्याच्या घरात मिठाला बंदी! आमच्या वाडवडलांनी ऐकलं तर हसतील."

"हसू द्यात. गोळ्या घेता?"

"रोजच्या रोज. नात भरवते."

डॉक्टरांनी आज्याच्या पायावर, घोट्याशी, अंगठा दाबला. काढला तरी खळगा तसाच राहिला. चपलेच्या पट्ट्याचा वळही पायावर रुतून बसला होता.

स्वयंपाकघराच्या दारातून मिठूने मान काढली. "डॉक्टर, मी स्वयंपाकात ठरवून दिलेल्या मापाबाहेर मीठ टाकलेलं नाही. खारवलेली सुकट बंद, पापड बंद, लोणच्याची बरणी आईसाहेबांनी बरोबर नेली. पण एक तक्रार आहे. आजोबांचं गोड फार वाढलं आहे."

"दिवाळी झाली ना आत्ताच," केतकी हसून म्हणाली.

डॉक्टरांनी लगेच रक्तातली साखर बघितली. ती अगदी नेमकी, जशी असावी तशी. त्यांनी खांदे उडवले आणि आज्यापुढे मांडी घालून बसल्या. "राघोबा, स्पष्ट सांगते. तरंगत्या मिठागरावर ऊन आहे, वारा आहे, उघाडीची फळी जड आहे. हा दाब घेऊन मी तुम्हाला तिथे पाठवणार नाही. पौर्णिमेच्या आधी येईन. उतरला तर जायचं, नाहीतर घरातून बघायचं."

 बोट निघून गेली तरी आजा खाडीकडे बघत राहिला. मग हळूच, स्वतःशीच गुणगुणला,

*ये गो ये गो भरतीबाई, उघडली मी उघाडी,*
*घेईन पाणी गरजेपुरतं, बाकी धाडीन माघारी.*

 केतकी धावत स्वयंपाकघरात गेली.

"मिठू, तू म्हणतोस मीठ कमी केलं. मग आज्याचा दाब का नाही उतरत? आणि मिठाचा नि रक्ताचा संबंधच काय मुळात?"

"तुमच्या पापलेटापासून सुरू करू या का?" मिठू म्हणाला. "समुद्राचं पाणी खूप खारट असतं. तेवढं मीठ अंगात साठलं, तर मासा जगणारच नाही. म्हणून तो पाणी पितो, पण जास्तीचं मीठ कल्ल्यांमधून (डोक्याच्या बाजूच्या, श्वास घ्यायच्या फटींमधून) बाहेर टाकत राहतो. समुद्र कितीही खारट असो, मासा आपलं आतलं मीठ ठरल्या मापाचंच ठेवतो. म्हणून कालवणाला आपल्याला वरून मीठ लागतं."

"आणि माणूस?"

"माणसाच्या रक्तातही मीठ असतं. रडलात की जिभेला कळतं ना? ते लागतंच. मिठात सोडियम नावाचा पदार्थ असतो. तो नसेल तर स्नायू हलणार नाहीत, मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत पोचणार नाहीत. पण त्याचं प्रमाण शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं. एवढ्या पाण्यात एवढंच. आता सांगा, कालवणात मीठ जास्त पडलं तर तुमची आई काय करते?"

"पाणी वाढवते. मग कालवण दोन दिवस पुरतं." केतकीने नाक मुरडलं.

"शरीरही तेच करतं! जास्त मीठ खाल्लं की तहान लागते, माणूस पाणी पितो. आणि मूत्रपिंडं (कमरेच्या जरा वर, पाठीच्या बाजूला बसलेली घेवड्याच्या दाण्यासारखी दोन गाळणी) ते पाणी सोडत नाहीत, अडवून धरतात. खारटपणा मापात राहतो, पण रक्ताचं पाणी वाढतं. नळ्या तेवढ्याच, आत पाणी जास्त. मग काय होईल?"

केतकीला भिंतीवरच्या फुगणाऱ्या लाल नळ्या आठवल्या. "नळ्यांवर रेटा येईल."

"तो रेटा म्हणजेच रक्तदाब. हृदयाला तेवढंच रक्त ढकलायला जास्त जोर लावावा लागतो. वर्षानुवर्षं हे चाललं की नळ्या कडक होतात, हृदय दमतं. दाब वाढायला दुसरीही कारणं असतात, वय असतं, घराणं असतं. पण मीठ हे आपल्या हातातलं कारण. आणि पायाची सूज म्हणजे नळ्यांमधून बाहेर झिरपून साचलेलं पाणी."

"म्हणजे मीठ पाणी धरून ठेवतं?"

 मिठूने एक काकडी चिरली, चकत्या दोन बशांमध्ये मांडल्या आणि एका बशीतल्या चकत्यांवर मीठ भुरभुरलं. "दिवेलागणीपर्यंत हात लावायचा नाही," एवढंच म्हणाला.

संध्याकाळ झाली. केतकीने देवापाशी दिवा लावला. बघितलं तर एका बशीत काकडी होती तशीच होती. दुसरीत चकत्या मलूल पडल्या होत्या आणि खाली पाण्याचं तळं साचलं होतं. मिठाने पाणी काकडीतून ओढून आपल्याजवळ आणलं होतं. बोलावलं नाही, हाक मारली नाही. जिथे मीठ, तिथे पाणी आपसूक.

आणि केतकीला वाटलं, किती उलटं आहे हे! मिठागरात आपण पाणी उन्हाला देतो आणि मीठ ठेवतो. अंगात मीठ ठेवलं, की पाणीही मुक्कामाला राहतं.

पडवीवरून आज्याची हाक आली. "केतके, पान वाढलंस ना? जरा गोडं आण गो."

केतकी रोजच्यासारखी उठली. उंबऱ्याबाहेरच्या, मिठूला न दिसणाऱ्या कोनाड्यातल्या लाकडी डब्यातून चिमूटभर उचललं आणि...

"बघा," मिठू कुरकुरला, "पुन्हा गोड! काल संध्याकाळीही किती वेळा मागितलं. मी इथून सगळं ऐकतो आहे. डॉक्टरांनी माझं मनावर घेतलं नाही."

केतकीचा हात तिथेच थांबला.

चिमटीत पांढरे खडे होते. साखर नव्हती ती.

घरतांच्या घरात दिवा लागल्यावर मिठाला मीठ म्हणत नसत. आज्याच्या आईची शिस्त होती ती. दिव्यानंतर मिठाचं नाव घेतलं, तर ते ऐकून मिठागरातली रास रातोरात विरघळते म्हणे. म्हणून संध्याकाळी मिठाचं नाव गोडं. केतकी हे बोलायला लागल्यापासून ऐकत आली होती. इतकं अंगवळणी पडलं होतं, की मिठूला हा शब्द समजावायला हवा हे कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. तो बिचारा हिशेब ठेवत होता साखरेचा!

"मिठू," ती अगदी हळू म्हणाली, "गोडं म्हणजे मीठ."

रुळावर सरकता सरकता मिठू गचकन थांबला. त्याच्या पोटातला दिवा दोनदा लुकलुकला. "मीठ म्हणजे... मीठ?"

"दिवा लागल्यावर. मला वाटायचं तू ऐकतोयस. जास्त झालं तर तू ओरडशील."

"मी ओरडत होतो, केतकीताई. पण चुकीच्या नावाने."

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. रोज संध्याकाळी आजा लाडाने मागायचा आणि ती लाडाने द्यायची. पानात वाढलेलं मीठ तिच्या लेखी खाणं नव्हतंच, ती पानाची रीत होती. आजाही म्हणायचा, "डॉक्टरीणबाईंनी स्वयंपाकातलं सांगितलंय. पानातलं कुठे सांगितलंय?" आणि भाताच्या घासागणिक बोट त्या पांढऱ्या ढिगाला लागायचं. ढीग संपला, की पुन्हा हाक.

ती रिकाम्या हाताने पडवीत गेली.

"गोडं?" आज्याने विचारलं.

"नाही देणार."

"आता तूही त्या पोपटाच्या पक्षात गेलीस?"

"आजा, दाब त्याच्यामुळे उतरत नाहीये."

"चिमूटभराने काय होतं गो!" आज्याने पान पुढे सरकवलं. "सगळी हयात गोड्यात गेली माझी. गोड्याने माझं वाकडं कधी केलं नाही. मला नको जेवण." तो भिंतीकडे तोंड करून बसला. आजे रुसले की नातवंडांपेक्षा वाईट रुसतात.

केतकी त्याच्याजवळ बसली. ती त्याचंच गाणं गुणगुणायला लागली. *घेईन पाणी गरजेपुरतं, बाकी धाडीन माघारी.* आणि गाता गाता थबकली.

"आजा, सगळीच भरती मिठागरात घेतली तर?"

"बांध फुटतो," आजा भिंतीकडेच बघत म्हणाला. "वेडी का तू? पाणी मापाने घ्यायचं. उघाडीवर बसणाऱ्याला तेवढं कळायलाच लागतं."

"तुझ्या पोटात पण उघाडीवर दोघं बसलेत. मूत्रपिंडं. गरजेपुरतं ठेवायचं, बाकी माघारी धाडायचं, हेच काम. पण तू रोज संध्याकाळी त्यांच्यावर इतकं गोडं ओततोस, की ते उघाडी लावूनच बसलेत. पाणी सगळं आत. आणि बांध..." तिने त्याच्या सुजलेल्या घोट्यावर हात ठेवला. 

 खालून भरतीचं पाणी खांबांना चुळुक चुळुक लागत होतं. मग आज्याने पान परत ओढलं आणि पहिला घास घेतला.

"कागद," तो म्हणाला.

"आजा!"

"खातोय ना! पण कागदाला कागद म्हणू नको?"

डॉक्टरांना कळवल्यावर त्या बोटीतच पोट धरून हसल्या, म्हणे. मग गंभीर होऊन त्यांनी बजावलं, की गोळ्या चालूच ठेवायच्या, मीठ अगदी बंदही करायचं नाही. दिवसभरात सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा पुरे, आणि त्यात पानातलंही आलं.

त्यानंतरचे दिवस मजेचे होते आणि भांडणाचेही. पहिल्या काही दिवसांत आजा रात्री उठून उठून मोरीकडे जायचा. "उघाडी उघडली!" केतकी अंथरुणातून ओरडायची. हळूहळू चपलेचा वळ रुतेनासा झाला. मिठूने जिद्दीला पेटून लसूण ठेचली, ओली मिरची वाटली, कोकमाचं आगळ काढलं, पण बिनमिठाचं. पानात मिठाच्या जागी लिंबाची फोड बसली, म्हणजे रीतही राहिली. आजा एकेक दिवस नवीन नाव ठेवायचा. कागद, मग पुठ्ठा, मग ओला पुठ्ठा.

"जीभ रुसली आहे त्यांची," मिठू केतकीला म्हणाला. "जिभेवर रुचिकलिका असतात (बारीक उंचवट्यांत दडलेले, चव ओळखणारे पेशींचे पुंजके). रोज खूप मीठ खाल्लं, की जिभेला मोठ्या आवाजाची सवय होते. ढोल-ताशा वाजत असला तर बासरी ऐकू येईल का? आता ढोल थांबलाय. काही आठवडे जाऊ देत, ऐकू येईल."

पौर्णिमेच्या आधी डॉक्टर आल्या. नाडीपट्टी बांधली. भिंतीवर लाल नळ्या उमटल्या. केतकीने डोळे गच्च मिटून घेतले होते. तिला डॉक्टरांचा आवाजच आधी ऐकू आला.

"पूर्ण नाही उतरला."

केतकीने डोळे किलकिले केले.

"पण पुरेसा उतरलाय. राघोबा, टोपी घालायची, फळी उचलायला एकजण बरोबर, आणि ऊन चढायच्या आत परत."

आज्याने टोपी तिथल्या तिथेच चढवली.

पौर्णिमेला सकाळी सगळं मोतीखार बोटी घेऊन खाडीच्या तोंडाशी जमलं. तरंगतं मिठागर उन्हात आरशासारखं चमकत होतं. उधाणाचं पाणी फुगत आलं. आज्याने एक हात फळीला लावला, दुसरा केतकीच्या हातावर ठेवला, दोघांनी मिळून फळी वर ओढली आणि आज्याने गळा मोकळा सोडला. गाण्याची जुनी कडवी झाली. मग केतकीने, कोणी सांगितलं नव्हतं तरी, एक नवं कडवं जोडलं.

*मीठ पिकवू रास रास, वाटू साऱ्या गावाला,*
*चिमूट ठेवू पानामध्ये, माया ठेवू जिवाला.*

आई पलीकडच्या बांधावर डोळे पुसत उभी होती आणि वाऱ्याला दोष देत होती. मापाचं पाणी आत आल्यावर आज्याने खूण केली, आणि फळी खाली आली. उरलेली भरती हसत हसत समुद्राकडे परतली.

त्या दिवशी संध्याकाळी दिवा लागला. आईही घरी होती. पडवीत पानं मांडली होती आणि पापलेटाचं कालवण वाफाळत होतं. आज्याने मासा मोडला, पहिला घास तोंडात घातला आणि चावता चावता थांबला. पुन्हा चावला. त्याच्या भुवया वर गेल्या.

"गोडं लागतंय गो," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात रूळ खडखडला. उंबऱ्याशी येऊन मिठू घाबऱ्या घाबऱ्या ओरडला, "गोडं? मी मापाबाहेर काहीही टाकलेलं नाही! केतकीताई, विचारा आधी, गोडं म्हणजे मीठ की साखर?"

"दोन्ही नाही रे पोपटा," आजा मिटक्या मारत म्हणाला. "गोडं म्हणजे मासा."

केतकीनेही एक घास घेतला आणि नीट लक्ष देऊन चावला. खरंच की! मिठाच्या पलीकडे, कोकमाच्या आंबटपणाच्याही पलीकडे, कुठेतरी खोल, खाऱ्या समुद्रात जन्मभर जपून ठेवलेला एक गोडवा होता. इतकी वर्षं तो पानातच होता.

"मिठू," ती म्हणाली, "हा तिसरा अर्थ पण लिहून ठेव. उद्या मी तुला आमचे आणखी शब्द शिकवणार आहे."

खाली ओहोटी लागली होती. दूर खाडीच्या तोंडाशी, चांदण्यात, मापाने घेतलेलं पाणी शांत पडून होतं आणि त्यात उद्याचं मीठ, दाणा दाणा, जागं होत होतं.